घरी बरोबर वाजतं, कंपनीच्या बसमध्ये बिघडतं: सहकाऱ्यांसाठी केलेल्या गाण्यांच्या मिक्सची दुरुस्ती

कोल्हापुरातून रोज सकाळी गोकुळ शिरगाव, कागल आणि शिरोलीच्या एमआयडीसीकडं कंपन्यांच्या बस सुटतात. त्यातल्या कितीतरी बसमध्ये गाणी वाजवणाऱ्या डेकला एक पेन ड्राइव्ह लावलेला असतो आणि तो कुणा सहकाऱ्यानं एकेक गाणं निवडून भरलेला असतो. आमच्या बसचं हे काम माझ्याकडं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. दिवसभर एकाच छताखाली राबणारी माणसं त्या अर्ध्या तासात एकमेकांची गाणी ऐकतात. स्टोअरमधल्या काकांना नाट्यगीतं तोंडपाठ आहेत, हे शॉपवरच्या पोरांना तिथंच कळलं.

पण या कामात एक दुखणं सारखं उलटतं. घरी कॉम्प्युटरवर सगळं जिथल्या तिथं वाजतं आणि बसमध्ये गेलं की विस्कटतं. भूपाळी मधेच कुठंतरी येते, लावणी सकाळी सातला पहिलीच. एक गाणं कान देऊनही ऐकू येत नाही म्हणून ड्रायव्हर मामा आवाज वाढवतात, तोवर पुढचं सुरू होतं आणि मागच्या सीटवरून ओरडा येतो, ‘ओ मामा, बारीक करा की!’ दोन-तीन गाणी वाजतच नाहीत. एकदा नीट केलं तरी पुढच्या महिन्यात नवी गाणी घातली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. फाइलमध्ये फक्त गाणं असतं. त्याच्या आधी काय वाजायचं, नंतर काय वाजायचं, आणि शेजारच्या गाण्याच्या मानानं त्याचा आवाज किती असायचा, हे घरी तुमच्या कॉम्प्युटरवरचा किंवा मोबाइलवरचा प्लेअर सांभाळत असतो. पेन ड्राइव्ह काढून बसमध्ये नेला की तो सांभाळणारा घरीच राहतो. मिक्स म्हणजे तर क्रम आणि आवाजाचा मेळच. गाणी काय, सगळ्यांकडं असतात. म्हणून या दोन्ही गोष्टी फाइलींच्या अंगात घालून पाठवायच्या, डेकच्या शहाणपणावर सोडायच्या नाहीत. खालची सगळी दुरुस्ती याच एका विचारावर उभी आहे.

गाणी वाजतच नसतील तर

हे सगळ्यात सोपं, म्हणून आधी उरकू. पेन ड्राइव्ह डेकला दिसतच नसेल तर त्याचं फॉरमॅटिंग, म्हणजे त्यावर फाइली साठवायची पद्धत, बघा. बसमधले आणि जुन्या गाड्यांतले बहुतेक डेक फॅट३२ ही पद्धत वाचतात. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर त्यांना ड्राइव्ह रिकामा वाटतो. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्याय सहसा मिळत नाही. त्यामुळं ६४ किंवा १२८ जीबीचा ड्राइव्ह घेण्यात काही फायदा नाही. चार मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएस बिटरेटच्या (दर सेकंदाला साठणाऱ्या माहितीच्या मापाच्या) एमपीथ्रीत साधारण १० एमबी होतं. शंभर गाणी घातली तरी एक जीबीच्या आसपास भरतात. घरात पडलेला ८ जीबीचा जुना पेन ड्राइव्ह या कामाला उत्तम.

ड्राइव्ह दिसतो पण ठरावीक गाण्यांवर डेक अडतो किंवा ती ओलांडून पुढं जातो, तेव्हा फाइलचा प्रकार वेगळा असतो. एम४ए, ओपस, फ्लॅक हे फाइलींचे प्रकार मोबाइलवर बिनबोभाट वाजतात, साध्या डेकवर नाही. इथं बरेच जण फाइलच्या नावातलं शेवटचं टोक बदलून एमपीथ्री असं लिहितात. त्यानं फाइल बदलत नाही, फक्त पाटी बदलते. ऑडॅसिटी किंवा व्हीएलसी या सॉफ्टवेअरमधून ती खरोखर एमपीथ्रीत रूपांतरित करावी लागते. रूपांतर करताना बिटरेट एकसारखा, म्हणजे सीबीआर ठेवा; १९२ किंवा २५६ पुरे. बिटरेट बदलता असेल तर काही जुने डेक गाण्याची लांबी चुकीची दाखवतात. आणि १२८ च्या फाइलला ३२० केलं तर फक्त जागा जास्त लागते, गेलेला आवाज परत येत नाही.

गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी पेन ड्राइव्हवर जात नाहीत, ही तक्रार तर दर महिन्याला कुणाची तरी असते. ती गाणी अ‍ॅपच्या आत कुलूपबंद असतात आणि तिथंच वाजण्यासाठी असतात. पेन ड्राइव्हसाठी विकत घेतलेली फाइल किंवा स्वतःच्या सीडीवरून उतरवलेलं गाणंच लागतं.

मॅकवरून भरणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. मॅक अशा ड्राइव्हवर प्रत्येक गाण्यामागं ठिपका आणि अधोरेषेनं सुरू होणारी एक लपलेली फाइल ठेवतो. डेक तिला गाणं समजतो आणि दर गाण्यामागं अडखळतो. त्या फाइली काढून टाकल्या की अडखळणं थांबतं.

क्रम विस्कटत असेल तर

डेक गाण्यांचा क्रम तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लावतात: काही फाइलच्या नावावरून, काही फाइलच्या आत लिहिलेल्या माहितीवरून (अल्बम, गायक, क्रमांक; हिला टॅग म्हणतात), आणि स्वस्तातले बरेचसे ज्या क्रमानं फाइली ड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्या क्रमानं. आपल्या बसमधला डेक यातला कुठला हे शोधत बसण्यापेक्षा तिन्ही ठिकाणी एकच क्रम घालून टाकलेला बरा. मग डेक बदलला, बस बदलली, ड्रायव्हर मामांनी तो ड्राइव्ह स्वतःच्या गाडीला लावला, तरी काही बिघडत नाही.

नावापासून सुरुवात करा. प्रत्येक फाइलच्या आधी आकडा, आणि तो दोन अंकी: ०१, ०२, ०३. नुसता १, २, ३ घातला तर डेक अक्षरांप्रमाणं लावतो आणि १ च्या पाठोपाठ १० आणतो, मग ११, आणि २ कुठल्या कुठं जातो. कॉम्प्युटरच्या खिडकीत हे कळतच नाही, कारण विंडोज आकडे ओळखून बरोबर लावून दाखवतो. आकडे इंग्रजी टाइप करा आणि फाइलचं नावही रोमन लिपीत ठेवा. देवनागरीचा फाँट नसलेल्या डेकवर मराठी नावाच्या जागी चौकोन दिसतात. मराठी गाण्याचं नाव रोमनमध्ये लिहिताना जिवावर येतं खरं, पण चौकोनांपेक्षा ते बरं.

मग टॅग. आपण वेगवेगळ्या अल्बममधून गाणी गोळा केलेली असतात आणि प्रत्येकात त्याच्या मूळ अल्बममधला क्रमांक तसाच राहिलेला असतो. टॅग वाचणारा डेक मग सगळ्या अल्बममधली एक नंबरची गाणी आधी वाजवतो, किंवा प्रत्येक गाणं वेगळ्या अल्बममध्ये टाकतो. एमपीथ्रीटॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात सगळी गाणी निवडून अल्बमचं नाव एकच द्यायचं, अल्बम आर्टिस्टच्या रकान्यात ‘विविध’ असं काहीतरी एकच लिहायचं, डिस्क नंबर पुसून टाकायचा आणि ऑटो-नंबरिंगनं ट्रॅक नंबर पुन्हा घालायचे. एमपीथ्रीच्या टॅगच्या पद्धतीला आयडी३ म्हणतात, तिची आवृत्ती २.३ ठेवा, जुने डेक २.४ वर गोंधळतात.

सगळ्यात जास्त छळतो तो तिसरा प्रकार, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. फॅट३२ मध्ये फाइलींची नोंद लिहिली जाईल त्या क्रमानं होते. सगळी गाणी एकदम निवडून माउसनं ओढली की ज्या फाइलला धरून ओढलं तिथून कॉपी सुरू होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे मधलं एक गाणं पुसून त्याऐवजी नवं घातलं, तर नवी नोंद पुसलेल्या गाण्याच्या रिकाम्या जागेत बसते. दर महिन्याला गाणी बदलली की क्रम हमखास बिघडतो तो यामुळंच. म्हणून पेन ड्राइव्हवर डागडुजी कधीच करू नका. मूळ फोल्डर कॉम्प्युटरवर ठेवा, काय बदलायचं ते तिथं बदला, ड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करा आणि सगळं नव्यानं कॉपी करा. कॉपी झाल्यावर विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट किंवा लिनक्सवर फॅटसॉर्ट चालवलं की ड्राइव्हवरच्या नोंदी नावाप्रमाणं लागतात आणि क्रमाची काळजी मिटते.

एक गाणं बारीक, पुढचं कानठळ्या

हे दुखणं कोल्हापूरकरांच्या मिक्समध्ये जास्तच, कारण आपल्या आवडीचा पल्लाच तेवढा आहे. पहिला मराठी बोलपट प्रभातनं १९३२ साली याच गावात काढला, त्यामुळं त्या काळची चित्रपटगीतं मागणारं एखादं तरी माणूस प्रत्येक बसमध्ये असतं. सुधीर फडके १९१९ साली इथं जन्मले. बाबूजींचं भावगीत नसलेलं मिक्स आमच्याकडं कुणी चालवून घेत नाही. जगदीश खेबुडकर जवळच्या हळदीचे, त्यांच्या लावण्या तर हव्यातच. आणि तरण्या पोरांना मिरवणुकीतलं, हलगी-घुमक्यावर बीट चढवलेलं गाणं पाहिजे. सत्तर-ऐंशी वर्षांच्या अंतरानं मुद्रित झालेले हे आवाज एकामागोमाग लावले की उड्या बसणारच.

इथं एक गल्लत नेहमी होते. बरेच जण ऑडॅसिटीत ‘नॉर्मलाइज’ करतात, सगळ्या गाण्यांची टोकं एका उंचीला आणतात आणि तरी उडी तशीच राहिली म्हणून वैतागतात. टोक म्हणजे क्षणभराचा सर्वांत मोठा आवाज. लावणीत ढोलकीची एक कडक थाप टोकाला जाते, पण तिच्या मागचं-पुढचं गाणं खालीच असतं. नव्या रिमिक्समध्ये कॉम्प्रेशन करून सगळाच आवाज टोकाजवळ दाबून बसवलेला असतो; साधारण १९९० नंतरच्या मुद्रणांत हे प्रमाण वाढत गेलं. दोघांची टोकं सारखी केली तरी कानाला रिमिक्स कितीतरी मोठं लागतं. कान टोक मोजत नाही, तो गाण्याची सरासरी ताकद मोजतो. तिला लाउडनेस म्हणतात आणि ती एलयूएफएस या मापात मोजतात. गाण्यांची मोठी अ‍ॅप्स हे काम स्वतः करतात, बरीचशी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास सगळी गाणी आणून ठेवतात. म्हणून तीच गाणी मोबाइलवर सारखी वाटतात आणि पेन ड्राइव्हवर एकदम अंगावर येतात.

एमपीथ्रीसाठी माझी पसंती एमपीथ्रीगेनला. जुनं आहे, फुकट आहे, आणि त्याची कामाची पद्धत मला फार आवडते. एमपीथ्री फाइलच्या प्रत्येक तुकड्यात, म्हणजे फ्रेममध्ये, आवाज किती ठेवायचा याचा एक आकडा असतो. हे सॉफ्टवेअर तेवढाच आकडा दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतं. गाणं पुन्हा एन्कोड होत नाही, दर्जा उतरत नाही आणि बदल परतही फिरवता येतो. महत्त्वाचं म्हणजे हा आकडा डेकला मानावाच लागतो. आवाज किती वरखाली करायचा एवढंच लिहून ठेवणारा रिप्लेगेनचा नुसता टॅग घातला तर तो वाचायला प्लेअर शहाणा लागतो, आणि बसमधला डेक बहुधा तो टॅग वाचत नाही. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट: मेळ फाइलच्या अंगात गेला पाहिजे.

एमपीथ्रीगेनमध्ये ‘ट्रॅक गेन’ वापरा, ‘अल्बम गेन’ नाही. अल्बम गेन सगळी गाणी एकाच मापानं वरखाली करतो, त्यानं आपसातलं अंतर तसंच राहतं. लक्ष्य ८९ डेसिबल दिलेलं असतं, ते तसंच ठेवा. नवी गाणी एकदम बारीक झाल्यासारखी वाटतील आणि हात शिवशिवेल, पण लक्ष्य वाढवू नका. मोठ्यांना खाली आणणं जुन्यांना वर ढकलण्यापेक्षा केव्हाही चांगलं. जुनं मुद्रण वर ढकललं की त्याच्याबरोबर तबकडीची खरखरही वर येते, आणि ढोलकीची थाप छाटली जाऊन फाटल्यासारखी लागते. सगळं खाली एका पातळीवर आलं की मामांना डेकची मूठ एकदाच थोडी वर ठेवायला सांगायची. मग कागलपर्यंत तिला कुणी हात लावत नाही.

आकड्यांनी नव्वद टक्के काम होतं, उरलेलं कानानं करावं लागतं. चालत्या बसमध्ये इंजिनाची आणि रस्त्याची घरघर खालच्या पट्टीत असते आणि ती नेमका तंबोरा, डग्गा, हळू आलाप गिळून टाकते. एखाद्या गाण्याची सरासरी बरोबर असली तरी त्याचा पहिला मिनिटभर आलाप बसमध्ये ऐकू येत नाही. अशी गाणी मला सोडवत नाहीत, म्हणून मी त्यांना एक-दोन पायऱ्या हातानं वर घेतो आणि बस अजून गावात हळू चालत असते तेव्हा येतील अशी लावतो. शिवाय मोठ्या गाण्यानंतर कान काही वेळ बधिर असतो. हलगीच्या गाण्याला लागून भावगीत लावलं तर ते पातळीनं सारखं असूनही फिकं लागतं. दोन्हींच्या मध्ये एखादं मधल्या चालीचं कोळीगीत किंवा हार्मोनियमवरची साधी गवळण घातली की भावगीताला त्याची जागा मिळते. क्रम लावण्यातली खरी कला मला इथं दिसते, आणि ती कुठल्याच सॉफ्टवेअरला सोपवता येत नाही.

जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांत कधी कधी आवाज फक्त डाव्या किंवा उजव्या बाजूला असतो. हेडफोनवर लगेच कळतं, पण बसमध्ये डावीकडच्या सीट गाणं ऐकतात आणि उजवीकडचे विचारतात, ‘बंद पडलं व्हय?’ ऑडॅसिटीत तो ट्रॅक फोडून मोनो करायचा, रिकामी बाजू पुसायची आणि एक्सपोर्ट करायचं. त्याच वेळी गाण्याच्या आधीचा संवाद, जाहिरात आणि शेवटची लांबलचक शांतताही काढून टाका. शांतता तीन-चार सेकंदांहून लांबली की कुणीतरी उठून पुढचं बटण दाबतंच, आणि एका ऐवजी दोन गाणी पुढं जातात.

रोज पहिलीच सात गाणी

‘काय ओ, रोज हेच व्हय?’ ही तक्रार आली की गाणी बदलू नका. अर्ध्या तासाच्या प्रवासात सात-आठ गाणी होतात, आणि डेकला काल कुठं थांबलो ते आठवत नसेल तर रोज तीच सात वाजतात. उरलेली पन्नास कुणी ऐकलेलीच नसतात.

डेकला सहसा विजेच्या दोन तारा असतात. पिवळी बॅटरीला कायमची जोडलेली आणि लाल किल्लीवरची. आठवण पिवळ्या तारेवर टिकते. बसवताना दोन्ही तारा किल्लीवरच जोडल्या असतील, किंवा रात्री बॅटरीचा मुख्य स्विच बंद होत असेल, तर डेक रोज सकाळी सगळं विसरून उठतो. पहिला दोष उद्यमनगरातला कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन काढून देईल. त्याला डेक विसरतो एवढंच सांगा. बसची वीज २४ व्होल्टची असू शकते, तेव्हा तारांना स्वतः हात लावू नका. मुख्य स्विच बंद ठेवायचा नियम असेल तर तो सुरक्षेसाठी असतो, त्यावर वाद घालू नये. अशा वेळी पेन ड्राइव्हवर वारांप्रमाणं फोल्डर करा, ०१ सोमवार ते ०६ शनिवार, प्रत्येकात आठ-आठ गाणी. मामांना सकाळी फोल्डरचं बटण वाराप्रमाणं दाबायचं असतं, एवढंच. आमच्याकडं यातून एक बरं झालं: एकेक वार एकेका विभागाला वाटून देता आला. बुधवार अकाउंट्सचा असतो आणि अकाउंट्सवाल्यांची निवड इतकी गोड असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

मोबाइलवर पाठवताना

बसमधलं ऐकून सगळे ‘मला पण पाठवा’ म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर गाणं ऑडिओ म्हणून पाठवलं की समोरच्याकडं ते तारीख आणि नंबर असलेल्या नव्या नावानं साठतं. तुम्ही घातलेले ०१, ०२ गेले. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर नाव टिकतं. सगळ्या फोल्डरची झिप करून २ जीबीपर्यंत एकाच वेळी पाठवता येते.

पण हे फक्त स्वतः गायलेल्या किंवा आपल्याच कार्यक्रमात मुद्रित केलेल्या गाण्यांसाठी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, आणि शब्द-चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या आयुष्यभर व नंतर आणखी ६० वर्षं. ज्यांच्या गाण्यांवर आपण एवढं प्रेम करतो त्यांच्या प्रती चाळीस फोनवर वाटणं मला बरोबर वाटत नाही. बसला पेन ड्राइव्ह एकच, आणि बाकीच्यांना अ‍ॅपमधल्या प्लेलिस्टची लिंक.

लिंकचीही दुखणी ठरलेली आहेत. समोरच्याला यादी रिकामी किंवा बंद दिसते, कारण ती खासगी राहिलेली असते. सेटिंगमध्ये सार्वजनिक करा. फुकटच्या खात्यावर गाणी उलटसुलट वाजू शकतात, तिथं क्रम तुमच्या हातात नाही. एखादं गाणं मधूनच करडं पडतं, कारण अ‍ॅपकडचे त्या गाण्याचे हक्क बदललेले असतात. तेच गाणं दुसऱ्या अल्बममधून शोधून घाला. सगळ्यांना भर घालता येईल अशी यादी केली तर पुसण्याचा अधिकारही सगळ्यांना मिळू शकतो, म्हणून मूळ यादीची एक प्रत स्वतःपुरती ठेवा.

लिंकसोबत एक साधी लिखित यादीही ग्रुपवर टाका: अनुक्रमांक, गाण्याचे पहिले शब्द, गायक, संगीतकार, चित्रपट किंवा अल्बम, वर्ष. प्रत्येकाचं अ‍ॅप वेगळं असतं आणि जुन्या मराठी गाण्यांच्या नंतर दुसऱ्या गायकांनी गायलेल्या आवृत्त्या त्याच नावानं वर येतात. नुसतं नाव शोधणाऱ्याला हमखास दुसरंच गाणं सापडतं. गायक आणि वर्ष जवळ असेल तर स्टोअरमधल्या काकांना त्यांचं मूळ गाणं पहिल्याच प्रयत्नात मिळतं.